ऑनलाइन बक्षीस स्पर्धा: लिंक टाकताय तर अटी पण टाका

निळी_शाई

नमस्कार मंडळी,
हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. ऑनलाइन स्पर्धांच्या लिंक आपल्यात सारख्या फिरत असतात, फोटो स्पर्धा, कथा स्पर्धा, क्विझ, स्लोगन, लकी ड्रॉ, गिव्हअवे, काय वाट्टेल ते, आणि लिंकसोबत दोनच गोष्टी येतात, बक्षीस काय आणि शेवटची तारीख कोणती. अटी कोणीच पाठवत नाही. पाठवणाऱ्याने त्या उघडलेल्या नसतात आणि घेणारा धरून चालतो की याने पाठवलंय म्हणजे बघितलं असेल. मग काही महिन्यांनी कोणीतरी विचारतं की माझा फोटो यांच्या जाहिरातीत कसा काय, किंवा बक्षीस लागलं पण आता म्हणतायत तुम्ही पात्रच नाही. हे सगळं अटींमध्ये आधीच लिहिलेलं असतं हो.

तर विनंती अशी की या धाग्यावर कुठल्याही स्पर्धेची लिंक टाकाल तर तिच्या अटींचा पूर्ण मजकूर पण टाका. अटींच्या पानाची नुसती लिंक नको, मजकूर कॉपी करा आणि कुठल्या तारखेला कॉपी केला ते लिहा. कारण स्पर्धा संपली की ते पान बऱ्याचदा गायब होतं, किंवा मधेच बदलतं, 'आयोजक पूर्वसूचनेशिवाय अटी बदलू शकतात' हे वाक्य तर जवळपास सगळीकडे असतंच. तुम्ही प्रवेशिका पाठवली त्या दिवशी काय लिहिलं होतं याचा पुरावा तुमच्याकडेच हवा. वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साइट) पान सेव्ह करता आलं तर उत्तम, नाहीतर पीडीएफ करून ठेवा.

वाचायचं कसं, तर मी वरून खाली वाचत नाही. आधी आयोजक कोण ते शोधते. पूर्ण नाव, पत्ता, संपर्क. जिथे फक्त ब्रँडचं नाव आहे आणि स्पर्धा कोणती संस्था घेतेय ते कुठेच नाही तिथे मी पुढे वाचतच नाही, कारण उद्या दाद कोणाकडे मागायची तेच माहीत नसेल तर बाकीच्या अटी चांगल्या असून काय उपयोग. मग पात्रता: वय, कुठल्या देशातले लोक चालतात, नागरिकत्व धरतात की राहण्याचा पत्ता, आणि प्रवेशिका माणसाला एक, ईमेलला एक की घराला एक. हे शेवटचं लोकांच्या लक्षातच येत नाही. 'घराला एक' असेल आणि नवरा-बायकोने एकाच पत्त्यावरून वेगवेगळ्या प्रवेशिका पाठवल्या तर दोन्ही बाद होऊ शकतात. कर्मचारी आणि त्यांचे नातेवाईक चालत नाहीत हेही बहुतेक ठिकाणी असतं, आणि त्यात जाहिरात एजन्सीचे लोक पण येतात.

शेवटच्या तारखेत वेळ कुठली ते बघाच. रात्री ११:५९ असं लिहिलेलं असतं पण ते कुठलं? युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ यांच्यात हिवाळ्यात ८ तासांचा आणि उन्हाळ्यात ७ तासांचा फरक असतो, म्हणजे एका हिशोबाने स्पर्धा चालू आणि दुसऱ्या हिशोबाने कधीच बंद. शिवाय पोचण्याची वेळ धरतात की पाठवण्याची तेही बघा, मोठी फाइल अपलोड होता होता घड्याळ पुढे जातं.

आणि वाचून काय मिळतं असं कोणी म्हणेल तर ही गोष्ट सांगते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्क्वेअरमाउथ नावाच्या प्रवासविमा कंपनीने पॉलिसीच्या अटींमध्येच एक स्पर्धा दडवून ठेवली होती, इथपर्यंत वाचून जो पहिला ईमेल करेल त्याला १० हजार डॉलर. कुठेही जाहिरात नाही. जॉर्जिया राज्यातल्या एका शिक्षिकेने सवयीप्रमाणे अख्खी पॉलिसी वाचली आणि स्पर्धा सुरू होऊन २३ तास झाले असतानाच तिचा मेल पोचला. त्याआधी २००५ च्या सुमारास पीसी पिटस्टॉप या सॉफ्टवेअर कंपनीने असंच केलं होतं, लायसन्स कराराच्या मजकुरात बक्षिसाची ओळ घातली, तर हजारो डाउनलोड होऊन गेले आणि पहिला मेल यायला चार महिने लागले. त्या माणसाला १००० डॉलर मिळाले.

तुम्ही अटींमध्ये आधी काय बघता ते लिहा. कुठली अट कळली नाही तर इथे चिकटवा, मिळून वाचू.

रानजाई

फार गरजेचा धागा, धन्यवाद. मी फोटो स्पर्धांबद्दल लिहिते कारण तिथे खरी मेख हक्कांच्या अटीत असते आणि ती नेहमी तळाशी असते. नमुन्यादाखल एक चिकटवते, अशाच धाटणीची अट तुम्हाला असंख्य ठिकाणी सापडेल:

'प्रवेशिका सादर करून स्पर्धक आयोजकास सदर छायाचित्र जगभरात, कायमस्वरूपी व विनामोबदला वापरण्याचा, त्यात बदल करण्याचा आणि ते तृतीय पक्षास वापरासाठी देण्याचा अपरिवर्तनीय परवाना देत आहे.'

आता हे सावकाश बघा. परवाना कोण देतंय, तर प्रत्येक स्पर्धक. म्हणजे बक्षीस दहा जणांना आणि फोटो हजारो लोकांचे, तेही फुकट, कायमचे. कुठल्या कामासाठी ते लिहिलेलंच नाही, म्हणजे स्पर्धेच्या प्रसिद्धीपुरतं बंधन नाही, कॅलेंडर, पोस्टर, पॅकेट, जाहिरात सगळं चालतं. तृतीय पक्षास देणार म्हणजे उद्या तुमचा फोटो अशा कोणाकडे असेल ज्याचं नाव पण तुम्ही ऐकलेलं नाही. आणि अपरिवर्तनीय, म्हणजे मागे घेता येत नाही. याच्या वरच्या ओळीत 'कॉपीराइट स्पर्धकाकडेच राहील' असं मोठ्या दिलदारपणे लिहिलेलं असतं आणि लोक तेवढं वाचून निर्धास्त होतात. मालकी तुमच्याकडे राहिली हे खरं, पण एवढा परवाना दिल्यावर विकायला काय उरतं ते बघा. एखाद्या मासिकाने एक्सक्लुसिव्ह फोटो मागितला तर तुम्ही देऊच शकत नाही.

सरळ अट कशी असते? फक्त विजेत्यांचे फोटो, फक्त या स्पर्धेची प्रसिद्धी आणि प्रदर्शन, अमुक वर्षांपुरते, नावासकट, आणि बाकी कशासाठी वापरायचं झालं तर वेगळी परवानगी घेऊ. असं लिहिणारे आयोजक आहेत. त्यामुळे 'सगळे तसंच लिहितात' हे कारण मला पटत नाही.

नाव देण्याबद्दल पण बघा. कलाकृतीवर आपलं नाव असण्याचा हक्क बर्न करारात (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) १९२८ पासून आहे, पण काही अटींमध्ये स्पर्धक हे नैतिक हक्क सोडतो असं वाक्य घुसवलेलं असतं. आणि हल्ली नवीन एक आलंय, प्रवेशिका मशीन लर्निंगसाठी (म्हणजे एआयला शिकवायला) किंवा उत्पादन सुधारण्यासाठी वापरू. हे दुसरं वाचायला निरुपद्रवी वाटतं, पण त्यात काहीही बसवता येतं.

उलट बाजूनेही नियम वाचायला लागतात, म्हणजे काय चालत नाही ते. २००९ च्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत कुंपणावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोला सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता, तो जानेवारी २०१० मध्ये काढून घेतला कारण लांडगा पाळलेला असण्याची दाट शक्यता परीक्षकांना दिसली आणि पैसे देऊन आणलेले प्राणी नियमात बसत नव्हते. छायाचित्रकाराने ते नाकारलं, पण निर्णय बदलला नाही. इतकी मोठी स्पर्धा आणि निकाल फिरला तो नियमांतल्या एका ओळीवर.

अजून एक, नुकसानभरपाईची अट. फोटोतल्या माणसाने उद्या आक्षेप घेतला तर सगळा खर्च स्पर्धकाने द्यायचा असं असतं. त्यामुळे फोटोत ओळखू येणारा चेहरा असेल तर लेखी परवानगी घेतल्याशिवाय मी पाठवत नाही.

मधली_सुट्टी

धागा वाचनखुणेत साठवला. पण एक प्रामाणिक प्रश्न, एवढ्या लांबलचक अटी कामाच्या धबडग्यात वाचणार कधी? मी तर इंग्रजी अटी असल्या की त्या एखाद्या एआय अ‍ॅपला देऊन सारांश काढून घेते. ते पुरेसं नाही का?

निळी_शाई

@मधली_सुट्टी, सारांशाने अंदाज येतो पण हक्क, तारीख आणि बक्षीस या तीन गोष्टींसाठी मूळ वाक्यच वाचा. सारांशात 'आयोजकांना फोटो वापरता येईल' एवढंच येतं, आणि विजेत्यांचा की सगळ्यांचा, किती वर्षं, कशासाठी, हे सगळं गळून जातं, आणि नेमकं तेच तर आपल्याला हवं असतं. वेळ नसेल तर पानावर शोध मारा. इंग्रजी अटीत पर्पेच्युअल (कायमचं), इरिव्होकेबल (मागे न घेता येणारं), सबलायसन्स (परवाना पुढे दुसऱ्याला देणं), एक्सक्लुसिव्ह (फक्त त्यांनाच), वेव्ह (हक्क सोडणं), इंडेम्निफाय (नुकसान भरून देणं) हे शब्द जिथे येतात तो परिच्छेद पूर्ण वाचायचा. कथा-कवितांच्या स्पर्धेत अनपब्लिश्ड (अप्रकाशित) शोधा, कारण स्वतःच्या ब्लॉगवर किंवा फेसबुकवर टाकलेली कविता बऱ्याच ठिकाणी प्रकाशित धरतात.

कोरा_कागद

मी कायद्याच्या अंगाने थोडं लिहितो, कारण काही अटी विचित्र वाटतात पण त्यामागे कारण असतं आणि ते कळलं की अटी वाचणं सोपं जातं.

जगात बऱ्याच ठिकाणी खाजगी लॉटरीला बंदी किंवा कडक नियंत्रण आहे. लॉटरी कशाला म्हणायचं तर साधारणपणे तीन गोष्टी एकत्र आल्या की, बक्षीस, निव्वळ नशीब आणि भाग घेण्यासाठी मोजलेला पैसा. यातली एक काढून टाकली की लॉटरी राहत नाही. म्हणून अमेरिकन ड्रॉमध्ये ठळक अक्षरात लिहिलेलं असतं की खरेदीची गरज नाही आणि खरेदी केल्याने जिंकण्याची शक्यता वाढत नाही, आणि पोस्टाने किंवा ऑनलाइन फुकट भाग घ्यायची वाट ठेवलेली असते. ती वाट अटींमध्येच सापडते, जाहिरातीत नाही! ब्रिटनमध्ये २००५ च्या जुगार कायद्यानुसार पैसे घेऊन कौशल्याची स्पर्धा घ्यायची असेल तर प्रश्न इतका अवघड हवा की बरेच लोक गळतील किंवा भागच घेणार नाहीत, कोणालाही येईल असा प्रश्न विचारून भागत नाही. कॅनडात विजेत्याला बक्षिसाआधी छोटंसं गणित सोडवायला देतात, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार असं मिसळून, आणि कोणाच्या मदतीशिवाय. लोकांना ती गंमत वाटते, पण निव्वळ नशिबावर बक्षीस द्यायला तिथल्या फौजदारी कायद्यात अडचण आहे म्हणून ते गणित असतं आणि चुकलं तर बक्षीस खरोखर जातं.

तसंच काही राज्यं किंवा प्रांत वगळलेले दिसतात. न्यूयॉर्क आणि फ्लोरिडामध्ये ड्रॉची एकूण बक्षिसं ५००० डॉलरच्या वर गेली की आयोजकाला आधी नोंदणी आणि हमी द्यावी लागते. कॅनडातला क्यूबेक प्रांत वर्षानुवर्षं अटींमध्ये वगळलेला असायचा, तिथल्या नियमांतला जाचक भाग २०२३ मध्ये काढला तेव्हा कुठे परिस्थिती सुधारली. तर 'जिथे बंदी आहे तिथे लागू नाही' हे वाक्य दिसलं की आपण राहतो तिथलं बघायचं, कारण नंतर आयोजक हात वर करतो आणि ते नियमाला धरून असतं.

निवड कशी होणार ते वाचाच. परीक्षक असतील तर निकष कोणते, ड्रॉ असेल तर कोणाच्या देखरेखीखाली. ब्रिटनच्या जाहिरात संहितेत असं आहे की ड्रॉ खात्रीलायक यादृच्छिक संगणक पद्धतीने तरी काढा, नाहीतर स्वतंत्र व्यक्तीने किंवा तिच्या देखरेखीखाली काढा. उगाच नाही हे. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या मोनोपॉली खेळात वर्षानुवर्षं मोठ्या बक्षिसांच्या चिठ्ठ्या बाहेरच्या एजन्सीतला सुरक्षा प्रमुखच पळवत होता, २००१ मध्ये एफबीआयने ते उघड केलं. ज्याच्यावर राखणीची जबाबदारी तोच चोर निघाला, आणि लाखो लोक ज्या खेळात नशीब आजमावत होते त्यातली सगळ्यात मोठी बक्षिसं त्यांना लागण्याची शक्यताच नव्हती.

पाणकळा

इन्स्टा-फेसबुकवरच्या गिव्हअवेचं काय? तिथे अटी म्हणजे 'फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा, स्टोरी शेअर करा' एवढंच असतं. मी तर वैतागलेय, मैत्रिणी मला दिवसभर टॅग करतायत.

निळी_शाई

@पाणकळा, फेसबुकच्या स्वतःच्या नियमात हे बसतच नाही. त्यांच्या पेजसाठीच्या नियमांत स्पष्ट आहे की स्पर्धा चालवण्यासाठी लोकांची वैयक्तिक टाइमलाइन आणि मैत्री वापरायची नाही, 'भाग घेण्यासाठी शेअर करा' किंवा 'मित्रांना टॅग करा' असं सांगता येत नाही. लाइक किंवा कमेंट मागता येते. शिवाय या स्पर्धेशी फेसबुकचा संबंध नाही हे लिहिणं आणि अधिकृत नियम देणं हे आयोजकावर आहे. हे लिहिलेलं नसेल तर दोनच शक्यता, आयोजकाने नियम वाचलेले नाहीत किंवा त्याला फक्त फॉलोअर हवेत. इन्स्टाग्रामवर फोटोत नसलेल्या माणसाला फोटोत टॅग करायला लावणं नियमाबाहेर आहे, कमेंटमध्ये टॅग करायला लावणारे मात्र ढिगाने आहेत आणि त्याला फार कोणी अडवत नाही.

मला यात जास्त काळजी मित्रांच्या नावांची वाटते. बक्षीस आपल्याला हवंय, मग बाकीच्या तिघांचं खातं अनोळखी पेजला का दाखवायचं? त्यांना विचारलंय का आपण? निदान विचारून तरी टॅग करा.

कोरा_कागद

माहिती गोळा करण्यावरून आठवलं. जर्मनीत प्लॅनेट४९ नावाच्या कंपनीने २०१३ मध्ये ऑनलाइन बक्षीस लॉटरी घेतली होती. भाग घ्यायच्या फॉर्मवर दोन चौकोन होते, पहिल्यात प्रायोजकांना संपर्काची परवानगी, त्यामागच्या यादीत ५७ कंपन्या, आणि दुसऱ्यात कुकीजची (साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या माग काढणाऱ्या फाइल) संमती, तिथे टिक आधीच केलेली. प्रकरण युरोपियन न्यायालयात गेलं आणि २०१९ मध्ये निकाल लागला की आधीच टिक केलेला चौकोन ही संमती नाही. त्यामुळे प्रवेशिकेच्या फॉर्मवर टिक कुठे कुठे आहे ते सबमिट करण्याआधी बघा, अटींमध्ये 'भागीदार कंपन्या' असं दिसलं तर त्यांची यादी उघडा.

उंबरठा

सगळं वाचलं, चांगलं लिहिताय सगळे, पण मला मूळ मुद्दाच पटत नाही. प्रत्येक अटीच्या शेवटी असतंच की 'आयोजकांचा निर्णय अंतिम, स्पर्धा कधीही रद्द करण्याचा हक्क राखून ठेवला आहे.' मग आपण वाचून काय उपयोग? सगळे पत्ते त्यांच्याच हातात. नाही पटलं तर भाग घेऊ नका एवढंच उरतं.

कोरा_कागद

@उंबरठा, मुद्दा बरोबर जागी आहे पण 'निर्णय अंतिम' याचा अर्थ मनमानी करता येते असा होत नाही. जाहीर केलेलं वचन बांधून ठेवतं हे न्यायालयांनी फार पूर्वी मान्य केलंय. १८९२ चा इंग्लंडमधला कार्बोलिक स्मोक बॉलचा खटला कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. कंपनीने जाहिरात दिली की आमचं उपकरण सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीनदा दोन आठवडे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला तर १०० पौंड देऊ, आणि खरेपणा दाखवायला १००० पौंड बँकेत ठेवल्याचं पण छापलं. एका बाईंना झाला, त्यांनी पैसे मागितले, कंपनी म्हणाली ती तर नुसती जाहिरात होती. न्यायालयाने पैसे द्यायला लावले. का, तर त्या बाईंनी अट जशी लिहिली होती तशी पाळली होती.

आता उलट उदाहरण. १९९२ मध्ये फिलिपिन्समध्ये पेप्सीने नंबर फीव्हर नावाची स्पर्धा घेतली. बाटलीच्या झाकणाखाली तीन आकडी नंबर आणि सोबत एक सुरक्षा कोड, सर्वात मोठं बक्षीस १० लाख पेसो. मे महिन्यात ३४९ हा नंबर जाहीर झाला आणि कळलं की चुकीने त्या नंबरची लाखो झाकणं छापली गेलीयत. लोक झाकणं घेऊन दारात, कंपनी म्हणते कोड जुळत नाही, शेवटी ५०० पेसो देऊ केले. दंगली झाल्या, माणसं मेली. खटले वर्षानुवर्षं चालले आणि २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनी जबाबदार नाही असा निकाल दिला. जाहिरातीत लोकांना दिसला नंबर, आणि सगळं अडलं कोडवर. मला स्वतःला हे त्या लोकांच्या बाबतीत न्याय्य वाटत नाही, गरीब माणसाने झाकणावरचा बारीक कोड कशाचा आहे हे कुठे शोधायचं? पण म्हणूनच तर महत्त्वाच्या अटी जाहिरातीतच ठळक दिसल्या पाहिजेत हा आग्रह धरायला हवा, आणि तो धरायचा तर आधी वाचायला हवं ना.

ब्रिटिश संहितेत तर असंही आहे की शेवटची तारीख आयोजकाला वाटेल तेव्हा पुढे ढकलता येत नाही, त्याच्या हाताबाहेरचं काही घडलं तरच, आणि बक्षीस साधारण ३० दिवसांत द्यायचं. 'प्रवेशिका कमी आल्या म्हणून मुदतवाढ' हे आपण सर्रास बघतो, ते वेळेत पाठवणाऱ्यांवर अन्याय आहे.

रानजाई

@उंबरठा, शिवाय वाचणारा जिंकतो पण. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनियरने एका खाद्यपदार्थ कंपनीची विमान मैलांची (साठवून फुकट विमानप्रवास करता येतो असे गुण) योजना वाचली. अटीत मैल मिळत होते ते बारकोडवर, पदार्थ महाग की स्वस्त याला काही महत्त्व नव्हतं. त्याने त्या कंपनीचा सगळ्यात स्वस्त पदार्थ शोधला, पुडिंगचे कप निघाले, बारा हजारांहून जास्त घेतले, मुदतीआधी पाठवले तर दुप्पट ही ओळ पण त्याने पकडली होती. बारकोड सोलायचं काम एका सेवाभावी संस्थेच्या लोकांनी केलं आणि बदल्यात पुडिंग त्यांना मिळालं. साडेबारा लाखांच्या वर मैल झाले आणि कंपनीने दिले, कारण अटीत तसंच होतं.

दोन_ओळी

मी बक्षीस लागल्यानंतरचं लिहितो, तो भाग राहिलाय. अटीत बघा की विजेत्याला कसं कळवणार आणि उत्तर किती वेळात द्यायचं. काही ठिकाणी ४८ तास, काही ठिकाणी आठवडा, नाहीतर दुसरा विजेता निवडतात. मेल स्पॅममध्ये पडलेला असतो आणि बक्षीस गेलेलं असतं. म्हणून निकालाची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून त्या आठवड्यात स्पॅम फोल्डर रोज उघडायचा.

प्रवासाचं बक्षीस असेल तर दोनदा वाचा. विमान कुठल्या शहरातून, तिथपर्यंत जायचा खर्च कोणाचा, व्हिसा-पासपोर्ट वेळेत नाही झाला तर काय, तारखा बदलता येतात का, रोख पर्याय आहे का. 'अमुक रकमेपर्यंत' हा शब्दप्रयोग पण बघा, पर्यंत म्हणजे त्यातलं कितीही.

कर. अमेरिकेत बक्षिसाची किंमत उत्पन्नात धरतात. भारतात अशा बक्षिसावर ३० टक्के कर आहे आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर भरला गेल्याची खात्री झाल्याशिवाय देणाऱ्याने ते द्यायचं नसतं. म्हणजे गाडी लागली तर कराची रक्कम आधी भरा असं खरा आयोजकही सांगू शकतो. आणि चोर पण नेमकं हेच सांगतात! मग ओळखायचं कसं? खऱ्या स्पर्धेत कर कोण भरणार हे भाग घेण्याआधीच्या अटींमध्ये असतं, म्हणून ती कॉपी जपून ठेवायची. पैसे कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यात मागत नाहीत, कर भरल्याचं प्रमाणपत्र मिळतं, आणि अटींमधल्या संपर्कावर आपण होऊन विचारलं तर तेच उत्तर येतं. प्रोसेसिंग फी, कुरिअर फी, ओटीपी, कार्ड नंबर यातलं काही मागितलं की तिथेच थांबायचं. आणि ज्या स्पर्धेत भागच घेतला नाही तिचं बक्षीस लागत नसतं.

सध्या जे खूप चाललंय ते म्हणजे खऱ्या पेजच्या कमेंट बघून तसंच दिसणारं खोटं खातं 'तुम्ही जिंकलात' असा मेसेज पाठवतं. नाव अगदी सारखं, एखादा ठिपका किंवा अक्षर जास्त. भाग घेतलेलाच असतो त्यामुळे माणसाला लगेच खरं वाटतं. मेसेजमधल्या लिंकला हात लावू नका, मूळ पेजवर स्वतः जाऊन निकाल बघा.

पारिजात

पहिल्यांदाच लिहितेय इथे. मुलीसाठी एक ऑनलाइन चित्रकला स्पर्धा बघितली, वय ८ ते १२. अटी तीनच आहेत, आजच कॉपी केल्या:

'प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील. सर्वाधिक ऑनलाइन मते मिळवणारे चित्र विजेते ठरेल. विजेत्याचे नाव, छायाचित्र व शाळेचे नाव सर्व माध्यमांतून प्रसिद्ध केले जाईल.'

पाठवू का? ती चित्र काढून तयार बसलीये.

रानजाई

पारिजात, स्वागत. पहिलं वाक्य फारच मोघम आहे, 'सर्व हक्क' म्हणजे मुलीला तिचंच चित्र पुढे कुठे वापरताना अडचण येऊ शकते. आणि हे बक्षीस न मिळालेल्या चित्रांना पण लागू आहे. दुसरं, मतांवर विजेता म्हणजे चित्र किती चांगलं यापेक्षा कोणाचे नातेवाईक किती हे ठरणार, आणि काही ठिकाणी मतं चक्क विकत मिळतात. मुलं याने फार हिरमुसतात हो, हे तिला आधीच सांगून ठेवा.

निळी_शाई

माझा आक्षेप तिसऱ्यावर. मुलाचं नाव, फोटो आणि शाळा एकत्र करून सगळ्या जगाला देणं मला अजिबात योग्य वाटत नाही, पालकांच्या संमतीचा उल्लेख पण नाही. आयोजकांना सरळ मेल करा, तीन प्रश्न विचारा: हक्क फक्त स्पर्धेच्या प्रसिद्धीपुरते ठेवाल का, शाळेचं नाव आणि फोटो वगळाल का, मत एका माणसाला एकच हे कसं तपासणार. विनंतीच्या सुरात लिहा, बऱ्याचदा अटी कुठूनतरी उचलून चिकटवलेल्या असतात, त्यांनाही वाईट हेतू नसतो. उत्तर येईपर्यंत चित्र अपलोड करू नका, आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

पारिजात

उत्तर आलं! मतांबद्दल काही बोलले नाहीत पण बाकी दोन अटी बदलल्या आणि पानावर पण टाकल्या, मी आत्ता कॉपी केलं: 'चित्राचे हक्क स्पर्धकाकडे राहतील. विजेती चित्रे आयोजक एक वर्षापर्यंत स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी नावासह वापरतील. विजेत्याचे फक्त पहिले नाव व वय प्रसिद्ध केले जाईल, तेही पालकांच्या लेखी संमतीनंतर.' चित्र पाठवते आता. मतांचं काय ते मुलीला समजावून सांगितलंय, म्हणाली चालेल.

निळी_शाई

मस्त काम केलंत. जुन्या आणि नव्या दोन्ही अटी तारखेसकट मूळ पोस्टच्या खाली जोडतेय. मतांच्या तपासणीबद्दल परत एकदा विचारा, आणि याच स्पर्धेत इथल्या आणखी कोणी चित्र पाठवलं असेल तर त्यांनीही विचारा. ज्यांनी जुन्या अटी असताना पाठवलंय त्यांनी आयोजकांकडून नव्या अटी आपल्याला लागू आहेत एवढं लिहून घ्या.

@उंबरठा, तुम्ही मागे ज्या कथा स्पर्धेचं म्हणाला होता तिच्या अटी टाकता का इथे? तिची मुदत अजून आहे.

उंबरठा

टाकतो. इंग्रजीत आहेत, चार पानं. हक्कांचा परिच्छेद आधी देतो, बाकी रात्री.